खोट्या माशीवरचा मासा

दादरच्या हाडांच्या दवाखान्यात लतिका गुडघा चोळत, नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी लालबागहून आलेली साठीची शेवंती आपल्या भावाला, रामूला, दुखरा खांदा दाखवत होती.

"पडलीस काय गो ताई?"

"पडते कशाला! गळ फेकून फेकून दुखतोय. आमची लेक मेघना मला मार्चात हिमाचलला घेऊन गेली होती ना, ट्राउट मासे पकडायला."

"मार्चात? एवढ्या लवकर?"

"उन्हाळा चढला की बर्फ वितळतं, ओढे गढूळ होतात. त्याच्या आधीच जायचं."

"आमिष काय? कोलंबी?"

"छे! पिसांची खोटी माशी. पाण्यावर अलगद बसली पाहिजे. माझी पाच दिवस झुडपातच बसत होती."

"आपण मालवणचे, आणि पाच दिवसांत एक मासो नाय?"

"अरे, तुझे भावोजी गेल्यापासून चार वर्षं मी घराबाहेर पडले नव्हते. तिथे गुडघाभर गार पाण्यात उभी राहून मोठमोठ्यांदा हसत होते. पोरगी बघतच राहिली."

"बरां झालां. मगे?"

"शेवटच्या सकाळी दोरी अशी ताणली गेली..."

"लतिका मॅडम, आत या."

लतिका जागची हलली नाही. "तुम्ही जा आधी," ती पलीकडच्या आजोबांना म्हणाली आणि शेवंतीकडे वळली. "लागला का हो?"

"लागला तर! हातभर. अंगावर लाल ठिपके."

"तळलास की कालवण?" रामूने विचारलं.

"सोडला."

"सोडलास?"

"पुढच्या मार्चपर्यंत मोठा होईल. तेव्हा तू पण चल."

रामूने शर्टाची वरची गुंडी लावली.

"ताई, थंय स्वेटर लागता काय गो?"