चर्चच्या माशाला पॉइंट नाहीत

...नाही हो, क्रेडिट कार्ड मिळायला त्रास नाही, कार्डं तर आमच्या मिलवॉकीत पत्रपेटीत आपोआप येऊन पडतात, त्रास आहे तो निवडायचा! हे घ्या, विमानाचे पॉइंट, ते घ्या, पेट्रोलचे, तिसऱ्याला वर्षाची फी नाही पण पॉइंटही नाहीत, चौथ्याला पॉइंट इतके की डोळे फिरतात आणि फी इतकी की परत जागेवर येतात... आणि हा उपद्व्याप कुणासाठी? माझ्या बायकोसाठी, बर्निससाठी. तिचा आयुष्यभर एकच मंत्र, फुकट ते पौष्टिक!

तुम्हाला सांगतो, तिची धाकटी बहीण जोन राहते तिकडे अ‍ॅरिझोनात. दोन्ही गुडघे गेलेत तिचे, ती काही आता विमानात चढत नाही. दर रविवारी फोनवर दोघी रडतात. मी म्हटलं, तिकीट काढतो, जाऊन ये. तर म्हणे, "पैसे देऊन? पैसे देऊन उडायला मी काय सिनेमानटी आहे?" अहो, आयुष्यभर सिटी बस चालवली मी, पेन्शन आहे, एका तिकिटानं काही भिकेला लागत नाही आम्ही... पण नाही! फुकट मिळालं तर जाईन, नाहीतर फोन आहेच. आणि इकडे जोनचा आवाज दर रविवारी जरा बारीक होत चाललेला. म्हणून हे कार्ड, खर्च करत जायचं आणि पॉइंट साठले की तिकीट फुकट!

बरं, बर्निसचं तरी काय चुकलं? वाढलीच तशी. तुम्हाला आठवतंय का, किराणा घेतला की दुकानदार छोटी तिकिटं द्यायचा, जिभेनं ओली करून वहीत चिकटवायची, वह्या भरल्या की वस्तू फुकट... मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो, नवा कोट, चकाचक बूट, म्हटलं तिच्या बापाशी चार शब्द बोलू, तर या दोघी बहिणींनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि जीभ बाहेर काढायला लावली! मी आपला तिकिटं चाटतोय, तोंडभर गोंद, बोलायची सोय नाही, आणि जोन बहिणीला सांगते, "याला हो म्हण गं. जीभ लांब आहे आणि बोलत काही नाही." झालं, जमलं लग्न! बैठकीतला दिवा, इस्त्री, पोराचा पाळणा, सगळा संसार जिभेवर उभा राहिला आमचा. काय दिवस होते हो ते... त्या गोंदाची चव आज परत कुणी जिभेवर ठेवली ना, तर मी लहान पोरासारखा रडेन. आणि वर्षाची फी? शून्य. जीभ तेवढी कोरडी पडायची.

तर काय सांगत होतो... कार्ड! शेजारचा रॉजर, त्याच्या पाकिटात पैसे कमी आणि कार्डं जास्त, तो म्हणाला, अहो, तुम्ही खर्च कुठे करता ते बघा, तिथे पॉइंट जास्त देणारं घ्या आणि फी कमी असलेलं घ्या. मी विचार केला, आम्ही दर शुक्रवारी बाहेर जेवतो की! शुक्रवारी तळलेला मासा खात नाही तो मिलवॉकीचा माणूसच नव्हे. घेतलं कार्ड, बाहेरच्या जेवणावर चौपट पॉइंट, फी अगदी किरकोळ. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी माशाचं जेवण विकतात, तिथे रांगेत उभे राहिलो, फादरनी कार्डाचं यंत्र नवीनच बसवलेलं, लावलं ऐटीत. मासा, बटाट्याची धिरडी, राय नावाच्या धान्याचा पाव... बर्निसनं मासा दोनदा घेतला, म्हणे पॉइंट वाढू देत. फुकट ते पौष्टिक!

सगळा हिवाळा ठिकाणं बदलून मासे खाल्ले, हो! आणि पॉइंट बघतो तर नावालासुद्धा नाहीत. फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणते, "सर, ते रेस्टॉरंट नाहीये, चर्च आहे. ती देणगी धरली जाते." म्हटलं, "अहो बाई, देणगी कसली? मी मासा खाल्लाय." बोलिंगच्या क्लबात खाल्ला तो खेळात धरला, माजी सैनिकांच्या हॉलमधला संस्थेच्या नावावर... म्हणजे बघा, एवढा संसार झाला आणि बायकोला रेस्टॉरंटात म्हणून कधी नेलंच नाही मी, हे मला बँकेकडून कळलं!

त्या रविवारी जोन फोनवर म्हणाली, "ताई, तुझा चेहरा आठवायला आता फोटो बघावा लागतो गं." बर्निसनं फोन ठेवला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. आता तुम्ही काय केलं असतं? तेच केलं मी. बचतीतून गुपचूप तिकीट काढलं आणि घरी येऊन सांगितलं, पॉइंट भरले. तिनं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं, विचारलं, एक सेंटसुद्धा नाही? म्हटलं, नाही. गेली बाई नाचत! फुकट ते पौष्टिक!

महिनाभर राहून आली, उन्हानं लालबुंद, घसा बसलेला, इतक्या बोलल्या दोघी. मला म्हणते, "विमानात खिडकीशी बसले होते रे. आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी पैसे भरले होते, बिचारे! इतकी दया आली मला." आणि मग म्हणते, नाताळला परत जायचं, या वेळी तूही चल, दोन तिकिटं काढ, पॉइंट पडून राहिले तर वाया जातात.

म्हटलं, काढतो. सोमवारपासून शाळेची बस चालवायला लागलोय. तिला सांगितलं, घरात बसून कंटाळा येतो. तर म्हणते, "जा की. पण शाळेकडून पगार कशाला घेतोस? आपल्याला आता पैसे लागतात कुठे?"