पांढरीवरचा पाहुणचार

ऐका रे. जवळ सरका. आणि नदीकडून वास येतोय म्हणून नाक दाबू नका, आपलाच आहे तो.

भिवसन गवंडी दिवे लागल्यावर घरातून निघाला. खांद्यावर फावडं, हातात गाढवाचा कासरा. कशाला? तर धाब्याच्या घरावर घालायला पांढरी माती आणायला. ती मिळते जुन्या पेठेत. जुनी पेठ कुठली म्हणता? अहो, आपलं शहर आधी माळावर नव्हतंच! खाली नदीला लागून होतं. तिथं नदी ओलांडायला उतार, म्हणून गाड्या थांबायच्या. गाड्या थांबल्या म्हणून दुकानं बसली. साळी आले, तेली आले, गवंडी आले. मग एका वर्षी असा पूर आला, असा पूर आला, की अर्धी पेठ झोपेतच गेली. उरलेले वर चढले. नवं शहर बसवलं. आणि बसवल्यावर काय केलं? गटार खणलं. सोडलं कुठं? थेट वाडवडिलांच्या चुलींवर! थू!

त्या जुन्या जागेला पांढरी म्हणतात. तिथली माती आणायची तर दिवसा, जुन्या वेशीतून, चपला काढून, गेलेल्यांना विचारून आणायची. भिवसन म्हणाला, "येवढा वळसा कोन घालतंय?" आणि गटाराच्या काठानं उतरला. तिथंच चुकला.

थोडं गेला, तर भाकरीचा वास. ओसाडात भाकरीचा वास! गाढव अडलं, कासरा तोडून पळालं. समोर बघतो तर अख्खी आळी उभी. घराघरात दिवे. एका दारात म्हातारी.

"भिवसना, आत ये. मी तुज्या आज्याची आय. वाईच पानी पी."

ह्याचे पाय ह्याचंच ऐकेनात. गेला आत. अंगण कसं नुकतं सारवलेलं. म्हातारीनं लोटा पुढं केला. आत काळं पाणी, वर फेस, फेसात केसांचा गुंता. ताटातल्या भाकरीवर अळ्या वळवळतायत. शी! आणि मेलेल्याच्या घरचं घोटभर पोटात गेलं की माणूस तिथलाच झाला, ठाऊक आहे ना?

"तहान न्हाई आजी," भिवसन कसंबसं म्हणाला.

"तुमच्याच घरनं आलंय की, पोरा. रोज येतं. आमी रोज पितो. तू येकदा पी."

मागं फिरला, तर सगळी दारं उघडी. साळी, तेली, बायाबापड्या, सगळे ओलेचिंब. सगळ्यांच्या हातात लोटे. "आमचं बी पी! आमचं बी पी!" कुणी हात धरले. कुणी जबडा फाकवला. लोटा ओठाला लागला!

तो दर्प नाकात गेला मात्र, भिवसन भडभडा ओकला. त्या सारवलेल्या अंगणात. म्हातारीच्या पायावर.

मग म्हातारी अशी किंचाळली! "तूबी? हितं येऊनबी आमच्याच दारात घान? नीघ, मेल्या!" आणि केरसुणी घेऊन मागं लागली. बाकीचे नाकाला पदर-सोगे लावून मागं सरले. भुतांना किळस आली रे, माणसाची!

सकाळी भिवसन गटारात सापडला, गळ्यापर्यंत रुतलेला. पाठभर वळ. वाचला बिचारा. पण अजून पाण्याचा पेला हातात घेतला की आधी वास घेतो.

तर त्या वाटेनं कधी जाऊ नका. रात्री नाही, दिवसाही नाही. आणि आता घरी गेलात, मोरीत खरकटं ओतायला लागलात, की जरा हात आवरा. खाली पंगत बसलेली असते.