धक्क्याला लागताना

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रेसाठी बसलो होतो. शेजारच्या बाकावर साठीतलं एक जोडपं होतं. बाईंचा उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला.

"फार ठणकतंय का?"

"आता विचारताय."

"वारा मागून होता गं. रिव्हर्स टाकला तरी बोट थांबेचना."

"वारा मागून, पाण्याची ओढही मागून. म्हटलं होतं मी, बाहेर जाऊन वळा आणि वाऱ्याला तोंड करून आत या."

"जागा केवढीशी. दोन्ही बाजूंना लोकांच्या बोटी."

"आणि धक्क्यावर तुमचे मित्र बघत उभे. त्यांच्यासमोर माघार घेतली असती तर नाक कापलं गेलं असतं ना."

"तेही होतंच."

"कबूल केलंत, नशीब माझं."

"पण तू बोट आणि धक्क्याच्या मध्ये हात का घातलास? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आदळली तर आदळू दे, हात घालायचा नाही."

"सांगितलं होतं."

"मग?"

"तुम्ही ओरडलात, 'अगं रंग जाईल, रंग जाईल.'"

"परवाच दिला होता. तोंडातून निघून गेलं."

"एवढं कळवळून तुम्ही माझ्यासाठी कधी ओरडला नाहीत. मला वाटलं, फारच मोठं काहीतरी जातंय."

नर्सने आतून दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली. बाईंच्या टॉवेलाचं सुटलेलं टोक यजमानांनी हळूच आत खोचलं.

"बोटीला ओरखडासुद्धा आला नाही," ते म्हणाले.