दीड फेरा सैल

— नाही, तिकडं बघून काही उपयोग नाही. गवत कुंपणाच्या तारेला लागत असेल म्हणतोस? कालच कापलं की. आणि तारेखालची ती पांढरी बोंडं, काय म्हणतोस तू त्यांना, इन्सुलेटर — एकूण एक हात लावून पाहिली मी, धड आहेत. झटक्याचं मशीन? टिकटिक करतंय, ऐक ना — त्याला काय धाड भरलीय! बस जरा. सळईपाशी एवढ्यात जाऊ नकोस, चहा टाकलाय.

मागच्या खेपेला तूच शिकवलंस ना — करंट तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत, आणि जमिनीतून त्या अर्थिंगच्या सळईवाटे परत मशीनकडं. वाट पुरी झाली तरच झटका. अर्धा तास बोललास. आमचे हे गेल्यापासून, तीन वर्षं झाली, मला कुणी इतकं समजावून काही सांगितलंच नव्हतं. मुलगा रविवारी फोन करतो — करतो हं, चुकवत नाही — गाय विकलीस का, विचारतो, मी म्हणते नाही, की संपला फोन. मग पुढच्या रविवारपर्यंत मी बोलायचं कुणाशी? गायीशीच. दोनदा तो सळईचा नट सैल निघाला, तेव्हा तू म्हणालास, आजी, वाऱ्यानं हलत असेल. वाऱ्यानं! मला असं हसू आलं — म्हणजे, वारा असतोच की इथं.

गाय? गाय ना... तू मंगळवारी सकाळी येतो म्हणालास फोनवर. म्हणून सोमवारी संध्याकाळी मी सैल के— बंद पडलं ते. एका दिवसाचाच प्रश्न होता. तू आलास आज, गुरुवारी. तुला बोल नाही लावत रे, तुला दहा ठिकाणची कामं. पण तिची खोड होती, रोज तारेला नाक लावून बघायची, झटका बसला की मागं सरायची. काल बसला नाही. गेली सरळ रस्त्यावर. टेम्पोनं दोन्ही मागचे पाय मोडले. डॉक्टर म्हणाले, आता उठायची नाही, आणि शेवटची सुई दिली. डोकं माझ्या मांडीवर होतं तिचं. वासरू गोठ्यात बांधलेलं, म्हणून तेवढं राहिलं.

मंगळवारी तू आला नाहीस, तेव्हाच नट आवळून टाकायचा ना मी! पाना हातात घेऊन उभी होते सळईपाशी. पण म्हटलं, येईल, आत्ता येईल, आणि कुंपण चालू दिसलं तर दारातूनच परत जाईल —

असा काय बघतोस? हो. मीच. तिन्ही वेळा मीच. दीड फेरा, जास्त नाही.

ऊठ. आवळ तो नट. या हातांनी पुन्हा सुटणार नाही इतका आवळ. आणि यापुढं मी फोन केला ना, तर उचलू नकोस. जा.