खोटीसकट

मानवतच्या स्टँडवर विजयमाला सेलूच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर बारा तासांच्या मोटार-शर्यतीतून परतलेला रविकांत मिस्तरी आणि त्याचा मामा बोलत बसले होते; ते तिच्या कानावर पडत होतं.

“तुमची गाडी पयली आली म्हनं?”

“आली, अन् तपासणीत बादबी झाली.”

“का रं?”

“आमचा गट कंपनीच्या गाड्यांचा. शोरूममधून निघाली तशीच पळवायची. पन इंजिनाखालची पट्टी लय नाजूक, मामा. बारा तास टिकली नसती. मी वेल्डिंग करून जोड दिला.”

“कुनी सांगितलं व्हतं?”

“खोट दिसल्यावर गाडी तशीच सोडायची रीत हाय का आपल्यात?”

“न्हाई.”

“तिथं हाय. खोटीसकट पळवा म्हनतेत.”

“मग जोड दिलेल्या गाड्या पळवतच न्हाईत?”

“पळवतेत की. त्यांचा गट येगळा, काय पायजे ते बदला. आमच्या मालकाची दुसरी गाडी त्याच गटात व्हती. तिलाबी जोड माज्याच हातचा. ती जिंकली.”

“मग नाव झालं असंल तुजं!”

“झालं ना. बाद गाडीच्या कागदावर. ‘मिस्तरीची लबाडी’ म्हनून.”

“अन् जिंकलेल्या गाडीच्या?”

“तिथं मालकाच्या जावयाचं हाय. तोच जोड, मामा. तिथं त्याला अक्कल म्हनतेत.”