मडगार्डवरचं कुंकू

सुचिता : तोंडाला फडका तरी बांधायचास, बाबा. रेती मारायची मशीन ती, सगळी नाकातोंडात गेली असेल. आणि ही गच्ची बघ! शेजारी ओरडले नाहीत?

वामन : वरडले. मंग ताडपत्री बांदली. ह्यो बग स्कूटरचा मडगार्ड. गंजाचा कन नाय रायला.

सुचिता : मस्त झालाय. प्रायमरपण एकसारखा बसलाय. मग तोंड का पाडून बसलायस? सीवूड्सवरून एवढ्या घाईनं बोलावलंस ते?

वामन : तुजी आय जेवत नाय गो.

सुचिता : डॉक्टरला दाखवलंस?

वामन : डाक्टर काय करनार? तिला मानसां आठवत नाय, ते जुनाच हाय. पन सकाली उठली का स्कूटरला हलदकुकू लावायची ना?

सुचिता : हो. दसऱ्याची पूजा ती रोजच करायची. सगळं विसरली, तेवढं नाही. मडगार्डवर कुंकवाचा थर बसलेला, तेल पिऊन पार दगड झालेला.

वामन : त्या थरावर बोट ठेवला का बोलायची, आपली गाडी. मंग माज्याकडं बगून हसायची. गाडीमुलंच वलखायची मना.

सुचिता : बाबा... तो थर?

वामन : उडवला. खाली गंज खात होता. बोललो, लग्नातल्यासारी नवी करू, तिला बरा वाटंल. गनपती करायला गेलो, वांदर जाला.

सुचिता : टेन्शन नको घेऊ. आपण परत लावू कुंकू. ओळखेल ती.

वामन : लावला काल. मडगार्ड खाली नेला, तिच्यासारी पाच बोटां उठवली.

सुचिता : मग?

वामन : पदरानं पुसून टाकला. बोलली, "दादा, लोकांच्या गाडीला हात नको लावू. माजा मानूस येल आता, आपली गाडी घेऊन."

(खालच्या अंगणात गेटची कडी वाजते.)

सुचिता : आई कुठं निघाली?

वामन : कुटं नाय. गेटशी बसते, वाट बगत. थांब, मी जातो.

सुचिता : तू काय सांगतोस तिला?

वामन : काय सांगनार? बोलतो, हायवेला ट्राफिक असंल. आनि बसतो तिच्या बाजूला.