बिनकुलपाच्या घरातला लॅपटॉप

(चाकुरातलं एक शेतकरी घर, दुपारची वेळ. पलंगावर आजच लातूरहून आलेला नवा लॅपटॉप आणि त्याच्याभोवती घरातल्या तिघी : सासू केवळाबाई, थोरली सून पुनम आणि मागल्या वर्षी नांदेडहून लग्न होऊन आलेली धाकटी, वर्षाराणी. पुरुषमंडळी रानात गेली आहेत, त्यामुळे कामात कुणाची लुडबुड नाही.)

वर्षाराणी : आत्या, तेवढी ओली दस्ती खाली ठेवा. ओल्यानं पुसायचं नसतं त्याला.

केवळाबाई : निस्ती ओलसर हाय. चांगली पिळून आणली. एवढ्या धुळीतून आलंय ते बिचारं.

वर्षाराणी : खोक्यात बसून आलंय ते. धूळ खोक्याला लागली.

केवळाबाई : मग खोकं पुसते.

पुनम : खोकं मघाच पुसलं तुम्ही. हळदकुंकू बी लावलं.

केवळाबाई : लावावं लागतं. घरात नवी चीज आली की मान करावा. ट्रॅक्टर आला तवा पाच सवाष्णी जेवू घातल्या मी. ह्याला तर निस्तं बोट टेकवलं.

वर्षाराणी : वर झाकणावर लावलं ते चालतंय. पण आत ह्या बटणांवर नका लावू. आणि वर मधोमध हा बारका ठिपका हाय ना, त्याच्यावर तर बिलकुल नका.

केवळाबाई : कुंकवाची जागा तर तीच दिसून राहिली. कपाळ हाय ते.

वर्षाराणी : डोळा हाय तो. त्यातून दिसतं त्याला.

केवळाबाई : कपाळात डोळा? मग महादेवच आला की घरात.

वर्षाराणी : आणि गादीवर कोणी ठेवलं हे?

केवळाबाई : मी. मऊ मनून.

वर्षाराणी : मऊ नको त्याला. खालून जाळी हाय, तिथून वारं घेतं ते. गादीवर ठेवलं की कोंडतं, मग तापतं.

पुनम : पाट आणू का?

वर्षाराणी : हाव ताई, पाट झक्कास. हां, असा. आता बघा, कसं निवांत बसलं.

केवळाबाई : पाटावर बसलं, कुंकू लागलं. आता निस्तं ओवाळायचं राहिलं. पुनम, त्या टीव्हीवरचा विणलेला रुमाल काढ, ह्याच्यावर घालू.

पुनम : मग टीव्हीवर काय घालायचं?

केवळाबाई : टीव्ही जुना झाला. त्याला आता कोण बघतंय.

वर्षाराणी : रुमाल काम झाल्यावर घाला, आत्या. चालू असताना नको. आणि दुपारी सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की करंट खालीवर होतो, तवा चार्जिंगला लावायचं न्हाई. मळणीच्या दिवसात खिडकी उघडी ठेवायची न्हाई. जवळ बसून काही खायचं न्हाई.

केवळाबाई : एवढं सोवळं तर माझ्या बाळंतपणात बी कोणी पाळलं न्हाई.

वर्षाराणी : जरासक गप बसा दोघी. ते विचारून राहिलंय.

केवळाबाई : तोंडानं?

वर्षाराणी : लिहून. भाषा कोणती ठेवू म्हणून. मराठी केली.

केवळाबाई : बरं केलं. न्हाईतर घरातल्या घरात बोलायची पंचाईत.

वर्षाराणी : आता नाव विचारतंय. हे कोणाचं म्हणून.

केवळाबाई : घराचं, मनून लिही. घरच्या सोयाबीनवर आलंय.

वर्षाराणी : घराचं चालत न्हाई. माणसाचं नाव लागतं.

केवळाबाई : मग रामलिंगचं लिही. थोरला हाय.

पुनम : त्यांचं कशाला? त्यांना मोबाइलची बॅटरी बंद करता येत न्हाई. दिवसभर खिशात उजेड घेऊन फिरतात.

केवळाबाई : नावाला काय करता यावं लागतंय? शेतावर अजून मामंजीचं नाव हाय. ते काय नांगराया उठून येतात?

वर्षाराणी : आत्या, काम मी करणार हाय ना त्याच्यावर. सोमवारपासून. लातूरच्या क्लासचे परीक्षेचे पेपर मला घरबसल्या टाइप करायचे. मी माझं लिहिते. वर्षाराणी. झालं. आता पासवर्ड.

केवळाबाई : ते आणि काय?

पुनम : कुलूप.

केवळाबाई : कशाला कुलूप?

पुनम : मशिनीला.

केवळाबाई : न्हाई. काढ ते. ह्या घरात कुलूप न्हाई. कपाटाला न्हाई, कोठीला न्हाई, मोटरीच्या पेटीला न्हाई. अख्ख्या चाकुरात बिनकुलपाचं घर मनून सांगतात आपलं.

वर्षाराणी : माहीत हाय, आत्या. मी लग्न होऊन आले तवा सुटकेसची किल्ली शोधून राहिले होते, तर तुम्ही म्हणाल्या, सापडली की विहिरीत टाक.

केवळाबाई : मग टाकली का?

वर्षाराणी : न्हाई.

पुनम : मी टाकली होती.

केवळाबाई : बघ. चौदा वर्षं झाली. काय गेलं तिचं? सांग गं पुनम, काय गेलं?

पुनम : गेलं काईच न्हाई.

वर्षाराणी : आत्या, ऐका तर. मला हौस न्हाई. परीक्षेच्या आधी पेपर बाहेर गेला तर क्लासची इज्जत जाईल, अन् माझं काम जाईल. आपला मल्लिनाथ त्याच क्लासात हाय. मी सरांना आधीच सांगून टाकलं, माझा पुतण्या तुमच्याकडं शिकून राहिला म्हणून. सर म्हणाले, मग तर कुलूप पाहिजेच. घरातल्या कोणालाच माहीत नको.

केवळाबाई : थांब. मल्लूच्या परीक्षेचा पेपर आपल्या पलंगावर टाइप होणार?

वर्षाराणी : हाव.

केवळाबाई : मग आता तर कुलूप नकोच.

पुनम : आत्या, असं बोलू नका. त्याच्या कानावर गेलं तर पोरगं उद्यापासून पुस्तक बांधून ठेवंल.

केवळाबाई : मी मजाक करून राहिले. पण घरातल्या कोणालाच, मनजे मला बी?

वर्षाराणी : तुम्हाला बी.

केवळाबाई : मनजे मी चोर.

वर्षाराणी : तसं कोण म्हणालं? हे बघा, मी सोपं करते. ह्याच्यात दोन वेगवेगळी खाती काढते. एक माझं, कामाचं. एक ताईचं. माझ्यातलं ताईला दिसायचं न्हाई, ताईच्यातलं मला दिसायचं न्हाई. मग निस्तं माझंच कुलूप असं वाटायचं न्हाई कोणाला.

केवळाबाई : एका मशिनीत दोन घरं?

वर्षाराणी : हाव.

केवळाबाई : भिंत घालून राहिली का तू?

वर्षाराणी : भिंत कसली, आत्या? सोय हाय ती.

केवळाबाई : शेजारच्या नागुबाईच्या घरात बी सोयच होती. आधी निस्त्या सोयीसाठी दोन सिलिंडर आणले. मग सोयीसाठी दोन ओटे बांधले. आता तिच्या दोन्ही सुना एकमेकीच्या दारावरून जाऊ नये मनून अख्ख्या गल्लीला वळसा घालून दळणाला जातात. वाटणी काय सांगून येती? अशीच येती, खोक्यात बसून.

पुनम : दोन खात्यांनी चूल वेगळी होत न्हाई, आत्या. भाकरी मीच थापणार.

वर्षाराणी : अन् मी खाणार.

केवळाबाई : हसू नका गं. माझ्या जिवाला घोर लागलाय, अन् ह्यांना खिदळायचं सुचून राहिलं.

वर्षाराणी : बरं, न्हाई हसत. पण खरं सांगा, कुलपाचा एवढा राग कामून तुम्हाला?

केवळाबाई : तुला काय माहीत. माझ्या सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. चालली की वाजायचा. साखर कुलपात, तेल कुलपात, शेंगदाणे कुलपात. लेकराला गुळाचा खडा द्यायचा तरी तिच्यापुढं हात पसरायचा. माझी माहेरची ट्रंक, ती बी कुलपात, अन् किल्ली तिच्या कमरेला. लुगडं काढायचं तर विचारायची, कुठं जायचंय. माझंच लुगडं.

पुनम : हे कधी सांगितलं न्हाई तुम्ही.

केवळाबाई : सांगायची गोष्ट हाय का ती? ती गेली, दिवस झाले, पाहुणे गेले. अन् मी सगळी कुलपं काढली अन् भंगारवाल्याला देऊन टाकली. मनलं, माझ्या सुनांवर हात पसरायची वेळ नको. तुम्हाला दोघींना कधी विचारलं का मी, साखर किती घेतली मनून?

पुनम : कधीच न्हाई.

केवळाबाई : अन् आता माझी सून मलाच कुलूप दाखवून राहिली. लई लागलं मला, वर्षे. खरं सांगते.

वर्षाराणी : आत्या, एक विचारू? रागवा, पण ऐका. त्या ट्रंकेची किल्ली तुमच्याच कमरेला असती तर?

केवळाबाई : माझ्या कमरेला?

वर्षाराणी : हाव. ट्रंक तुमची अन् किल्ली बी तुमची. कोणाला विचारायचं काम न्हाई.

केवळाबाई : असं कुठं असतं का? सुनेच्या कमरेला किल्ली?

वर्षाराणी : समजा असती.

केवळाबाई : असती तर मलप्पाच्या गोट्या राहिल्या असत्या.

पुनम : मलप्पामामाच्या? कसल्या गोट्या?

केवळाबाई : खेळायच्या. काचेच्या. लग्नात मला लावून देताना तो लई रडला. पाठचा भाऊ माझा, एवढुसा होता. देण्यासारखं काई नव्हतं त्याच्याकडं, तर चड्डीच्या खिशातल्या गोट्या काढून माझ्या पदरात टाकल्या. त्या ट्रंकेत होत्या, लुगड्याच्या घडीत. सासूच्या हाताला लागल्या. सुनेला गोट्या काय करायच्या मनून तिनं गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या. मी स्वयंपाकघरात होते. अंगणात पोरं खेळून राहिली अन् आवाज येऊन राहिला. मला कळलं त्या कोणाच्या ते.

पुनम : मग तुम्ही काय केलं?

केवळाबाई : काय करणार? कालवण हलवलं. गोट्यांसाठी रडते मनलं असतं तर हसल्या असत्या सगळ्या. मलप्पा अजून बी येतो सणाला. त्याला सांगितलं न्हाई मी कधी.

वर्षाराणी : हसलं नसतं कोणी.

केवळाबाई : तवा हसलं असतं. तू नव्हती तवा.

पुनम : पाणी देऊ का, आत्या?

केवळाबाई : नको. आज कामून आठवलं काय की. आं, ते बघ, मशिनीवर अंधार पडला. बिघडलं का?

वर्षाराणी : न्हाई, झोपलं. आपण लक्ष दिलं न्हाई की झोपतं ते.

केवळाबाई : तुझ्या नवऱ्यासारखं हाय. उठव मग. अन् लाव तुझं ते.

वर्षाराणी : कुलूप?

केवळाबाई : हाव. पण मला सांगू नको. मला सांगितलं की मी नागुबाईला सांगणार, माझ्या पोटात राहत न्हाई. मग मल्लूच काय, सगळं चाकूर पहिलं येईल.

वर्षाराणी : लावलं.

केवळाबाई : एवढ्यात? आवाज बी आला न्हाई.

वर्षाराणी : ह्याचा आवाज नसतो, आत्या.

केवळाबाई : मग चांगली चीज हाय.

वर्षाराणी : आता ताईचं. नाव लिहिलं बघा. पुनम. फोटोच्या जागी फूल ठेवू का?

पुनम : माझं राहू दे गं. मला काय करायचं?

केवळाबाई : घे की. तिनं खोली काढलीच हाय तर घे.

पुनम : त्यात ठेवण्यासारखं माझ्याकडं काईच न्हाई.

केवळाबाई : काईच न्हाई?

पुनम : ठेवायला जागा नव्हती, मनून काई ठेवलंच न्हाई.

वर्षाराणी : ताई.

पुनम : राग मनून न्हाई बोलले, आत्या. तुम्ही मला कशाला बी अडवलं न्हाई. साखर बी माझी, तूप बी माझं. पण सगळं सगळ्यांचं हाय ना. मी कपाटात काई ठेवलं की सांजच्याला रामलिंग विचारतात, हे काय. मल्लू विचारतो, हे काय. तुम्ही बी विचारता, मायेनंच विचारता. मग सांगत बसण्यापरीस न ठेवलेलं बरं वाटतं.

केवळाबाई : मी काय विचारलं तुला?

पुनम : एकदा वही होती माझी. गाण्याची. तुम्ही मनल्या, पुनम, हे काय लिहून राहिली, वाचून दाखव की सगळ्यांना.

केवळाबाई : कौतुकानं मनले होते मी.

पुनम : मला माहीत हाय. पण मग मी लिहिलंच न्हाई.

केवळाबाई : वर्षे.

वर्षाराणी : काय, आत्या?

केवळाबाई : पाट तिच्याकडं सरकव.

वर्षाराणी : घ्या ताई. आता जरा लांबलचक शब्द पाहिजे. मल्लूचं नाव नको, भावजींचं बी नको. पहिल्या झटक्यात कोणी ओळखंल असं काईच नको.

पुनम : मग काय लिहू? मला ह्या दोघांशिवाय दुसरं काई येतंय का?

वर्षाराणी : तुम्हाला एकटीला जे आवडतं ते.

पुनम : मला विचार करावा लागंल.

केवळाबाई : कर. सावकाश कर. आज भाकरी मी थापते.

वर्षाराणी : तुम्ही? मग आज जाड्या भाकरी.

केवळाबाई : जाड्या तर जाड्या. गुमान खायच्या.

पुनम : सुचलं.

वर्षाराणी : सांगा ताई, मी पटकन टाइप करते.

केवळाबाई : सांगा काय, सांगा? तिचं ती लिहील. तू इकडं ये माझ्याजवळ, अन् अंगणाकडं बघ.

वर्षाराणी : आत्या, त्यांना अक्षरं सापडायची न्हाईत. इंग्रजी बटणं हायेत.

केवळाबाई : सापडतील. चौदा वर्षं ह्या घरात हरवलेलं सगळ्यांचं सगळं तीच हुडकून देती. बघ तिकडं, म्हैस बघ.

पुनम : आत्या, तुम्ही बघून राहिल्या का?

केवळाबाई : न्हाई गं. मी बी पाठ करून बसले. तू लिही.